पान सत्तेचाळीस

दुकानात ते काडतूस नव्हतं.
त्याचा फोटो होता,
रुस्तमकाकांच्या भाच्याने डेन्व्हरहून पाठवलेल्या कॅटलॉगात,
पान सत्तेचाळीस, खऱ्या मापाचा,
आणि काका त्याच्या शेजारी बोट ठेवून
पेरांनी लांबी मोजत होते.

मे महिना. सदरच्या रस्त्यावर डांबर मऊ.
कूलरच्या वाळ्यावर मी नुकतंच पाणी मारलेलं.
निवडणुकीपायी दोघांच्याही रायफली ठाण्यात जमा,
पावत्या खिशात, चार घड्या घालून.
शिकार बंद होऊन बावन्न वर्षं झाली
हे दोघांनाही ठाऊक होतं,
पण तो मुद्दा नव्हता.

'बुडाला कडा आहे बघ,' काका म्हणाले,
'लिव्हर खाली, लिव्हर वर, कुठे अडकायचं नाव नाही.
दोनशे यार्डांवर जेमतेम चार इंच खाली येते गोळी.'

धोटे वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला.
'दोनशे यार्ड? कुठं पाहून राहिले तुम्ही दोनशे यार्ड?
देवलापारच्या बांबूत मले माह्या बुटाचं टोक दिसत नव्हतं!
जुनी बोथट नाकाचीच बरी.
जड, धिमी, पण काडीला लागून तोंड फिरवत नाही.'

'पण टोकदार असून नळीत चालते ही.
पूर्वी एकीचं टोक दुसरीच्या बुडाशी,
दणका बसला की हातातच दिवाळी.
आता टोक रबराचं केलंय.'

'रबराचं! नागपुरात!
जीपच्या टपावर ठेवा दुपारी,
संध्याकाळी चघळायला घ्या.'

मी बाबांच्या खुर्चीत, साठ्याच्या वहीत डोकं घालून.
परवाना आता माझ्या नावावर आहे.
मी अजून एकही बार उडवलेला नाही.
इथे खपतात ते छर्रे, डबीवर डबी,
रेंजवर जाणाऱ्या शाळकरी मुलींना.
त्या भाव विचारतात, पैसे मोजतात, वाद घालत नाहीत.

तेवढ्यात बिसन उईके पाणी प्यायला आला.
समोरच्या सहकारी बँकेचा पहारेकरी,
कागदावर अठ्ठावन्न वर्षांचा,
आमच्या तिघांत नव्हती ती बंदूक खांद्यावर.
'ये बिसन, तूच सांग,' वकिलांनी कॅटलॉग त्याच्यापुढे सरकवला,
'पोरगा होतास तेव्हापासून पाहिलंय तू. कोणतं बरं?'

त्याने चित्र पाहिलं. आकड्यांवरून अंगठा फिरवला,
पन्नास यार्ड, शंभर, दोनशे,
वेग, वजन, मार.
'लागल्यावर जनावर किती चालते,
ते कुठं लिवलं?'

कूलरचा पंप तेवढा बोलत होता.

'तुमी मचानावरून उतरून चहा घ्या.
गवतात माहा बाप जाये. हातात कुऱ्हाड.
बाप म्हणे, बंदूक कोणती होती
ते मले दोन थेंबांतल्या अंतरावरून समजते.'

त्याच्या आवाजात राग नव्हता.
त्याने दुसरा ग्लास भरला, तोही उभ्यानेच संपवला,
पट्टा सावरला आणि उन्हातून रस्ता ओलांडून गेला.

'ते सांबर…' काका म्हणाले,
आणि वकील म्हणाले, 'रुस्तम, राहू दे.'

मग थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं,
गोळीच्या वजनावरून, हळू आवाजात,
आजारी माणूस आतल्या खोलीत झोपला असावा तसं.
साडेसहाला दोघे उठले. कॅटलॉग विसरले,
का ठेवून गेले, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी धूळ झटकताना उघडलं.
आकड्यांच्या शेवटी, पट्टी न लावता, पेन्सिलीने
एक रकाना वाढवलेला.
वर लिहिलंय: चाल.
खाली, शेहेचाळीस ग्रेनपासून तीनशेपर्यंत,
सगळी घरं कोरी.

वळण काकांचंही असू शकतं, वकिलांचंही.
थरथर दोघांच्याही हाताला आहे.