खाली बर्फ, वर घाम

बँकेच्या साहेबांची बदली झाली
तेव्हा हा फ्रीज आमच्याकडे आला,
बर्फाचा कप्पा खाली, भाजीचा वर.
गावातले सगळे डोक्यावर बर्फ घेऊन उभे,
आमचाच एक पाय गारठवून बसलेला.
"उलटाच आणला वाटते व," देवका म्हणाली,
अन् बर्फ मागायला तीच पहिली आली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वरचं दूध नासलं.
खाली जानेवारीत काढलेले तुरीचे सोले
गोट्यांसारखे टणक,
पिशवी आपटली तर फरशी वाजावी.
वर टमाट्यांना घाम,
आणि दाराच्या खणात यांची इन्सुलिनची बाटली
हाताला लागली ती कोमट.

दिग्रसला मुकीमभाईंना फोन केला.
"सेहेचाळीसवर गेला पारा, मी काई येत नाई बाई.
मी सांगतो, तुम्ही करा.
पह्यले बाटली काढा."
बाटली झाकणाच्या डब्यात,
डबा माठात, माठ ओल्या रेतीवर.

"आता दार उघडा. चौकटीत बटन हाय,
ते बोटानं दाबून धरा. काय ऐकू येते?"
कान लावला.
लांब जिनिंगची घरघर,
आतल्या खोलीत हे खाकरले.
फ्रीजमध्ये कोणीच बोलत नव्हतं.
"मंग पंखा अडला. मांगं बर्फ धरला असन.
थंडी जड असते बाई, खालीच बसून राह्यते.
तिले वर ढकलाले कोणीतरी लागते."

पीन काढली. दोन्ही दारं उघडी टाकली.
"सुरी, पेचकस काई घालू नका आत.
एका नळीले टोचलं, का फ्रीजचं कपाट झालं समजा."
सोले देवकाकडे पोचवले.
"डोक्यावर ठेवते तुह्ये सोले," ती हसली.
खाली जुनी चादर, चादरीवर परात,
अन् दिवसभर भिंतीमागून
कोणी बांगड्या फोडाव्या तसा बर्फ पडत राहिला.
पंख्याचं पातं मोकळं झालं दुपारी चारला.

पाणी जायचं भोक मात्र तुंबलेलं.
यांचीच रिकामी सिरिंज घेतली, सुई मोडून,
चाळीस-चाळीस युनिट कोमट पाणी
भोकाला टोचत बसले.
कितीदा, ते मोजलं नाही.
शेवटी गुळगुळ झालं
अन् मागच्या भांड्यात एक काळं फोलपट आलं,
तुरीचं.

मागच्या जाळीवर दोन हंगामांचा कापूस,
जिनिंगवरून उडत आलेला,
ब्रशने काढला तर
बाहुलीची गादी भरली असती.
मग दाराचं रबर.
कापसाच्या काट्याची चिठ्ठी दारात धरून ओढली:
वर अडली,
खालच्या कोपऱ्यात सुळकन बाहेर.
साबणाने पुसलं, गरम फडक्याने शेकलं,
गुडघ्याला शेकतात तसं.
पुढचे पाय अर्धा फेरा उंच केले,
म्हणजे दार विसरलं तरी
आपणहून घरी येईल.

वीज आली रात्री साडेनवाला.
स्टॅबिलायझरचा काटा थरथरला, थांबला.
बटन दाबून कान लावला.
आधी काही नाही.
मग बारीक, दम लागलेल्या माणसासारखी
आतून हवा चालू झाली.
तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते हे,
पलंगावरूनच जिभेने दोनदा वाजवलं,
टिंग टिंग.

बाटली लगेच नाही ठेवली.
तांब्यात पाणी ठेवलं,
रात्री तीनदा उठून बोट बुडवून पाहिलं.
सकाळी बोट काढून घ्यावंसं वाटलं
तेव्हा ठेवली.

देवकाने सोले परत आणले.
पाच पिशव्या दिल्या होत्या, चार आल्या.
मी मोजल्या, तिने पाहिलं मोजताना.
"बसतं का व, चहा टाकते," म्हटलं.
तिच्या पदराला फोडणीचा वास होता.