सातवी काच

आमच्या ग्लदानीत लिफ्टला नाणं लागतं.
माझ्याकडे सुटे नव्हते,
म्हणून टेप आणि रंगांची पुस्तिका काखोटीला मारून
आठ मजले चढले, तर दारातच त्सियाला मावशी:
"मुलगा पैसे पाठवतोय, म्हणून हो म्हटलं.
माझं तसं काही अडलेलं नाही."

लांबी चार मीटर दहा.
रुंदी एक ऐंशी, त्यातले साठ सेंटिमीटर
इमारतीच्या नकाशात नाहीतच.
त्र्याण्णव साली नुगझारने लोखंडी पट्ट्या जोडून
बाल्कनी हवेत पुढे ओढली.
"हवेला कोण विचारतं?
विचारायला सरकार तरी कुठे होतं तेव्हा!"

मी माझं सगळं बोलून घेतलं, नेहमी बोलते तसं.
जमिनीला फिकट लाकूड, पावलांना गार लागायचं नाही.
फडताळाला दारं हवीत,
उघड्यावर लोणच्याच्या बरण्या फार डोळ्यांत येतात.
घडीचं मेज, चहा झाला की भिंतीला चिकटलं.
बसायला लांब खोका, खोक्याच्या पोटात बटाटे.
दिवा एकच, पिवळसर;
पांढऱ्याने घराचा दवाखाना होतो.
आणि काचा नव्या, दुहेरी, सरकत्या—

"काचा नाही."

तेव्हा कुठे मी काचांकडे नीट पाहिलं.
गोलसर कोपरे. रबराची काळी कड, जागोजागी तडकलेली.
वरचा तुकडा खाली ओढायला छोटीशी खाच.

नुगझार ट्रॉलीबसच्या डेपोत मिस्त्री.
सहा महिने पगार नाही,
मग साहेबच म्हणाले, काय न्यायचं ते न्या.
कुणी तांब्याची तार नेली, कुणी सीटचं कातडं.
हा एकेक खिडकी पाठीला बांधून
बर्फातून पायी आला. सात खेपा.
ट्रॉलीबसनेच आणल्या असत्या,
पण वीज नव्हती.

त्या हिवाळ्यात इथेच रॉकेलची शेगडी,
शेगडीपाशी झाझाचा गृहपाठ,
दोरीवर चादरी, वाळायच्या नाहीत, नुसत्या कडक व्हायच्या.
खाली शहर काळंठिक्कर.
आणि नुगझार खिडकीशी बसून थांबे पुकारायचा:
पुढचा थांबा बाजार.
पुढचा थांबा नदीकाठ.
पुढचा समुद्र, उतरणाऱ्यांनी दाराशी या.
झाझा दर रात्री समुद्राला उतरायचा
आणि तिथेच झोपून जायचा.

आता तो पोर्तुगालमध्ये फरशा बसवतो.
समुद्र दिसतो का, ते मी विचारलं नाही.

सातव्या काचेवर लाल अक्षरं अजून शाबूत:
संकटसमयी दोरी ओढा, काच बाहेर ढकला, उडी मारा.
आठव्या मजल्यावर!
मी हसले. मावशी हसली नाही,
मग माझ्यापेक्षा जास्त हसली,
डोळे पुसायला तिला पदर नव्हता, हातमोजा होता.
"आणि दोरी?"
"पहिल्याच दिवशी काढून घेतली त्याने.
सफरचंदाच्या चकत्या सुकवल्या तिच्यावर."

मग आम्ही दोघी खाली बसलो,
आणि मी पुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर
पेन्सिलने पुन्हा आखायला घेतलं.
काचा त्याच. रबर नवं, एवढं तिने कबूल केलं,
"वारा काही आठवण नव्हे."
लाकूड चालेल. बटाट्यांचा खोका तर फारच चालेल.
फक्त तो मी भिंतीला लावून काढला होता,
तिने खोडला, दोन खोके केले,
एकामागे एक, तोंडं दक्षिणेला.
"असे कोण बसतं, मावशी? बोलायचं कसं?"
"बसमध्ये कोण बोलतं गं?
बाहेर बघतात."

निघताना तिने मुठीत नाणं कोंबलं.
म्हटलं, उतरायला लागत नाही.
"ठाऊक आहे," म्हणाली,
"मंगळवारी चढशील ना."