तीनशे ऐंशी मीटर

साखर वाढलेली निघाली त्या आठवड्यात
भाच्याने माझ्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं.
म्हणाला, आत्या, आता तू एकटी चालणार नाहीस.
एकटीच चालायचंय रे मला,
म्हणून तर टेकडी.

पण चालले. खोटं कशाला बोलू.
पंचवटीतल्या शेवटच्या बिल्डिंगमागून वर,
खाणीपर्यंत, आणि परत.
पहिल्या दिवशी अंगठे दोन. एक भाच्याचा,
एक कुणा उद्धव टिळेकरांचा.
फोटोत माणूस नाही, नुसते कॅनव्हासचे बूट,
डाव्याची नाडी सुटलेली.

ते पाच दहाला चढायचे, मी सहाला.
त्यांनी उठवलेल्या टिटव्या
मी येईपर्यंत ओरडून दमलेल्या असत.
सात चाळीसला, चहा उकळता उकळता, त्यांचा अंगठा.
एकोणतीस वर्षं विमा कार्यालयात काढली,
इतक्या नेमाने कुणी माझी दखल घेतल्याचं आठवत नाही.

साखर उतरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय केलंत?
मी अंगठा दाखवला.
त्यांना तो उद्धटपणा वाटला.

याच ॲपपायी रात्री पावणेबाराला
पार्किंगमध्ये गाड्यांभोवती फेऱ्या घातल्यात मी,
सहाशे पावलं कमी पडली म्हणून.
वॉचमन गायकवाडने खुर्ची आणून दिली.
ताई, साहेब शांत होईस्तोवर बसा.
साहेब जाऊन सात वर्षं झाली.
मी बसले नाही. सहाशे भरल्यावर वर गेले.

वहिनी दर रविवारी सिंहगड टाकते.
‘वा, मंजिरी!’ लिहिताना माझे दात एकमेकांवर घासतात,
त्याच्या कॅलरी कुणी धरत नाही.

आणि तो भाजीच्या गाडीवरचा मुलगा.
काकू, तुम्ही हिरव्या गेटवाल्या ना? सहाला निघता.
चांगल्या घरचा असेल, हसून बोलला.
तरी कोथिंबिरीची जुडी हातात तशीच राहिली.
त्या रात्री भाच्याला फोन करून
घराजवळची दोनशे मीटर रेघ पुसायला शिकले.
आता मी रोज हवेतून उगवते,
हवेत विरते.

खाणीच्या पाण्यापाशी मी थांबते.
कधी मोर असतो, बहुतेकदा नसतो.
फोन म्हणतो, ‘थांबवलं.’
उभं राहिल्याचा वेळ चालण्यात जमा होत नाही.
फक्त खाली, बारीक अक्षरांत, दोन आकडे येतात:
चालण्याचा वेळ, एकूण वेळ.
टिळेकरांच्या आकड्यांत रोज नऊ मिनिटांची फट.
माझ्या, अकरा.
म्हणजे तेही तिथे उभे राहत असणार.
बाकी त्यांच्याबद्दल मला काही ठाऊक नाही.

फेब्रुवारीत ते दिसेनासे झाले.
शेजारी असते तर दार वाजवलं असतं,
वाटीभर काहीतरी घेऊन गेले असते.
इथे कोणतं दार?
‘बरे आहात ना?’ लिहिलं, पुसलं.
कोण ही बाई, म्हणतील घरचे.
पाच दहाला मला आपोआप जाग येऊ लागली.
टिटव्या माझ्यावर ओरडू लागल्या.

काल, चोविसाव्या दिवशी:
उद्धव टिळेकर. सकाळची चाल.
तीनशे ऐंशी मीटर. बेचाळीस मिनिटं.
सुरुवात पाच दहा.
नकाशा बोटांनी ताणून मोठा केला.
टेकडी नाही, रस्ताही नाही.
कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका इमारतीच्या चौकटीत,
गुंता झालेल्या दोऱ्यासारखी एक रेघ.
पुढे मागे, पुढे मागे,
भिंत धरून चालल्यासारखी.

देण्यासाठी तिथे एकच गोष्ट आहे.
वहिनीच्या सिंहगडालाही तीच देतात.
दिली.

आज खाणीपाशी फोन म्हणाला, ‘थांबवलं.’
मी खडकावर बसले.
ऊन पाण्याच्या अर्ध्यापर्यंत आलं, मग सगळीकडे.
माझ्या मागून आलेले सगळे पुढे गेले.
चालण्याचा वेळ, चौतीस मिनिटं.
एकूण, एक तास सोळा.

बारीक अक्षरं ते वाचतात की नाही, कुणास ठाऊक.
सात अडतीसला चहा ठेवला.