न लागलेले नंबर

भंडारवाड्याच्या उताराला माझं टेबल,
घडीचं, एक पाय दोनदा वेल्ड केलेला.
वर तिकिटं, तिकिटांवर नायलॉनची दोरी,
गोदीकडून वारा सुटला की
लोकांची नशिबं उडून जाऊ नयेत म्हणून.

आज समोर मांडव.
सोडतीच्या पैशातून जुन्या वास्तू सावरायला घेतल्या
त्याला तीस वर्षं झाली, असं बॅनर सांगतं.
मांडवाच्या मधोमध आमची पाणपोई:
कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळा,
वरच्या वाट्या पाखरांना,
नंदीच्या तोंडातली धार माणसांना,
खालची डोणी व्हिक्टोरियाच्या घोड्यांना.
मी इथं बसायला लागलो तेव्हापासून कोरडीच.
त्या डोणीत मी छत्र्या ठेवल्यात, पावतीपुस्तकं ठेवलीत,
आणि खोटं कशाला बोलू,
एका मे महिन्यात बहिणीचं पोर झोपवलंय.

सहा महिने इस्माईल कडिया तिथं चुना मळत होता.
चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, मेथीचं पाणी.
मुंग्या यायच्या रांगेनं,
माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा शिस्तीत.
दुपारी तो माझ्या सावलीत डबा उघडायचा.
एकदा म्हणाला, हे सगळं तुझ्याच टेबलावरून आलंय, भाई.
मी म्हटलं, माझ्याकडून कमिशनसुद्धा वेळेवर येत नाही.

साहेब माइकवर म्हणाले, दूरदृष्टी.
असेल.
मला जवळचं दिसतं.
बॉयलरवाला अंकुश नार्वेकर, दर शनिवारी, शेवटी सात.
ल्युसी कोलासो, रात्रपाळी उतरून,
चपला हातात घेऊन तिकीट निवडायची,
म्हणायची, पाय सुजलेत, नशीब तरी सुजू दे.
प्रेसमधला कंपोझिटर धुरी
आकडे उलटे वाचायचा, सवयीनं.
माथारपाखाडीचा इजिनो गेला
तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात एक तिकीट निघालं.
बायको घेऊन आली. मी निकालाचा कागद तीनदा पाहिला.
एका आकड्यानं नाही,
चांगल्या चार आकड्यांनी हुकलं होतं.
तिला मी एकच सांगितलं.

सत्तावीस वर्षांत या टेबलावर सगळ्यात मोठं लागलं
ते पाच हजार. तेही दोघांत.
बाकी सगळं न लागलेलं.
न लागलेलं जातं कुठं, हे मी कधी विचारलं नाही,
आणि विचारलं कुणी, तर हसून
दुसरं तिकीट पुढं केलं. धंदा आहे.

पाटीवर नावं आहेत. मंत्री, आयुक्त, वास्तुविशारद.
नार्वेकर नाही. कडियासुद्धा नाही.
पण उजवीकडून तिसऱ्या दगडाच्या सांध्यात
त्यानं अंगठा दाबून ठेवलाय, ओल्या चुन्यात.
ठाऊक असलं तरच दिसतो.

फीत कापली. तोटी फिरवली.
नंदी खोकला.
थोडी हवा, एक झुरळ, मग काही नाही.
टाळ्या ठरल्या होत्या, त्या वाजल्या.
फोटो निघाले, साहेब खोट्या ओंजळीतून खोटं पाणी प्याले,
गाड्या उतारानं गेल्या.
आमच्याकडे पाणी साडेचारला येतं.
त्यांनी विचारलं नाही,
आणि आम्हाला कुणी माइक दिला नाही.

सव्वाचारला सोडतीचा निकाल. साडेचारला नंदी पुन्हा खोकला,
तांबूस थुंकला, मग स्वच्छ.
कडियानं पहिली ओंजळ स्वतः न पिता दगडावर मारली,
सांधे तपासत. थेंब कुठं झिरपतोय का बघत.
एक पारवा वरच्या वाटीवर येऊन बसला,
जणू त्याचं तिकीट बुक होतं.

ल्युसी आली. आता काठी आहे, चपला पायातच.
काय रे, लागलं का?
लागलं, म्हटलं. पाणी लागलं.
ती फारशी हसली नाही.
एक तिकीट घेतलं, ओच्याला हात पुसून वाकली, प्याली,
म्हणाली, जरा गुळचट आहे.
मी म्हटलं, भास असेल.

मांडव सुटला. बांबू गेले, बॅनर गेलं.
खालची डोणी अजून भरत होती, हळूहळू.
घोडे आता नाहीत.
कडियाचा हात तोटीकडे गेला,
मी म्हटलं,
राहू दे.