नाव, जात, वजन

एकोणतीस वर्षं मी हे रजिस्टर भरतोय,
बिबवेवाडीच्या दवाखान्यात पत्र्याचं टेबल होतं तेव्हापासून.
तेव्हा मोती आला की विचारावं लागायचं, कुठला मोती?
गुलटेकडीचा की अप्परचा?
टायगर चार होते. चारही फटाक्यांना घाबरायचे.
टॉमी नावाची एक कुत्री होती, तीनदा व्याली,
ओस्तवालशेठ शेवटपर्यंत म्हणायचे, ‘टॉमी जेवला का?’

मग ब्रूनो आले. लाटच आली.
स्पेलिंग विचारलं की लोक खूश व्हायचे.
दोन हजार अकराच्या एका पानावर
सलग पाच सिंबा आहेत, मध्ये एक मिठ्ठू.

बावधनला आलो, काचेचं दार आलं,
आणि खायच्या वस्तू यायला लागल्या.
कुकी, वॉफल, एकदा तर इडली,
पाठोपाठ तिची बहीण चटणी.
जातीच्या रकान्यात ‘गावठी’ लिहायचं बंद झालं,
आता ‘इंडी’. खरूज तीच.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढे पालकांचं आडनावही लिहा.
लिहिलं. मोची प्रभुदेसाई.
मीच दोनदा वाचलं.

काल एक फ्रेंच बुलडॉग आला, सहा किलो दोनशे,
गळ्यात खणाचा पट्टा.
मुलगी म्हणाली, नाव केरू.
कसलं गोड आहे ना, काका? एकदम मातीतलं!

माझ्या आधीचे दोघे गेले होते.
आईने मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीने उचललं,
आईने सव्वा रुपयाला परत विकत घेतलं.
मरणाला वाटावं, केरच आहे, कशाला न्या.
शाळेत घालताना गुरुजींनी
त्यांच्या रजिस्टरात किरण लिहिलं.
बायकोलासुद्धा सात वर्षांनी कळलं,
तेही मामा दारू पिऊन आला म्हणून.
आई तेवढी हाक मारायची.
ती गेली त्याला आता अकरा वर्षं.

सुई टोचून झाली. आतून आवाज आला,
‘केरू! ये. ये ना रे बाळा.’

तो जागचा हलला नाही.
मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

उठलोच आहे, तर काचेचं दार लोटून आलो.
एसी चालू होता.