‘जर’ खोडून

विनोद तसा वाईट नव्हता.
थॉरग्रिमुरने तो रात्री दीडला टाकला,
गाडीत, हीटर लावून, आम्ही ड्रम उतरवत होतो तेव्हा:
‘आमच्या चर्चचा ऑर्गन इतका सावकाश
की शेवटचं कडवं येईस्तोवर
मयतच उठून विचारतं, अजून किती?’

सकाळपर्यंत चार हजार लोक हसले.
ईसाफ्योर्दुरला तीन हजारही राहत नाहीत.
आणि ऑर्गन वाजवणारी एकच.
स्टेनव्होर बाई, वय एकाहत्तर.
थॉरग्रिमुरला पहिला सूर त्यांनीच दाखवला,
फूटपट्टी न उचलता.

दुपारी रेक्याविकहून मॅनेजरचा मजकूर आला, कडक इस्त्रीचा:
‘जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर…’
मी ड्रमर. शब्दांतलं मला फार कळत नाही,
ठेका चुकला की कळतं.
म्हटलं, तो ‘जर’ खोड.
आणि ‘कुणाच्या’ म्हणजे? बाईंना नाव आहे.
खाली नव्या अल्बमची तारीख कशाला?
माफीच्या ताटात चटणी वाढत नाहीत.

त्याने आधी विनोदच पुसला.
मग ज्यांनी वाचला नव्हता तेही विचारू लागले, काय होता?
मग एक हसरा चेहरा टाकला.
तो मी पुसायला लावला.

शेवटी गेला. फेब्रुवारी, रस्ता बंद, चालत.
बाई ऑर्गनवरचा आरसा पुसत होत्या,
कुठल्याशा जुन्या ट्रकचा.
‘ह्यात बघून वाजवते,’ म्हणाल्या.
‘पेटीला सहा माणसं. त्यातली तीन माझ्या वयाची.
दारात पायऱ्या, पायऱ्यांवर बर्फ.
त्यांचं पाऊल टेकलं
की मी पुढचा सूर सोडते.’

हे त्याने मला दोनदा सांगितलं.
दोन्ही वेळा इथेच थांबला.

संध्याकाळी लिहिलं:
‘स्टेनव्होर बाईंवर मी विनोद केला.
त्या सावकाश का वाजवतात, मला माहीत नव्हतं.
विचारलंही नव्हतं. चूक माझी.’
फोटो नाही. आरशाचाही नाही.
काहींनी बदाम पाठवले, काही अजून शिव्या देतात,
एकाने विचारलं, पुढचा कार्यक्रम कधी?

निघताना बाई म्हणाल्या होत्या म्हणे,
‘तुझ्या वेळी मात्र भरभर वाजवीन.
तू हलका आहेस.’

आठवडाभर सरावाला आम्ही त्यावर हसतोय.
कुठेही टाकलेला नाही.
त्यांचा आहे तो.