तंगूस

मे महिना, दुपारचे अडीच.
तळं कमरेइतकं खाली गेलेलं.
कडेचा चिखल वाळून पापडासारखा उचललेला,
खाली खेकड्यांची भोकं, आणि भोकांत अजून ओल.
पलीकडे खारजमिनीवर मीठ फुललंय,
तिकडे बघवत नाही.

हसुरामने भेंडीच्या झाडाखाली बारदान अंथरलं.
जास्त सावली माझ्या बाजूला.
शाळेपासून त्याची वाटणी अशीच.

बादलीत सात बोईटं,
सकाळी उघाडीपाशी पाग टाकून आणलेली,
धरमतरच्या खाडीचं पाणी आत येतं तिथे.
एक मेलं होतं. ते त्याने बगळ्याला फेकलं.
बगळा आधी नुसता बघत राहिला,
मग चालत आला, तलाठ्यासारखा,
आपल्या वेळेने.

बोईट गळाला ओवायचं काम आता माझं.
गेल्या शिमग्यापर्यंत त्याचं होतं.
पाठीच्या काट्यावरून, कातडीच्या खालून,
मासा मरू नये आणि सुटूही नये
एवढीच जागा असते.
चौथीत असताना त्यानेच दाखवली होती.
आता मी ओवतो आणि तो ताडांकडे बघतो,
म्हणजे माझ्या बोटांकडे.

काठी मात्र त्याच्याच हातात.
ती मी मागत नाही.

टोक हललं.
"लागला?"
"नाय रं. मीस त्यो."

पुन्हा हललं. मी अर्धा उठलो.
"बस. मीस."

उजवा हात, कोपरापासून खाली.
हातातलं काठीत, काठीतलं तंगुसात,
तंगुसातलं पाण्यात उतरतं
आणि तळ्यावर बारीक वळ्या उठत राहतात.
अलिबागच्या डॉक्टरने एक नाव सांगितलंय.
हसुराम ते घेत नाही.
"हाताला भरती हाय," म्हणतो,
आणि ओहोटीचं मी विचारत नाही.

तांदळाची भाकरी, सुका जवळा, कांदा.
डबा मी उघडला. पाणी तो डाव्या हाताने प्यायला.
खाताना म्हणाला,
जितारा पयला नर असतंय, ठावं हाय?
मोठा झाला का मादी व्हतंय.
सात पावसाळ्यांमागे सोडलेला, बोटाएवढा.
"म्हंजे सोडला बाप्या, न् धरतोय बाई."
मला ठसका लागला. जवळा नाकात गेला.
त्याने पाठीवर थाप मारली,
उजव्या हाताने,
ती एक थाप पाच-सहा थापा झाली.

पहिलं बोईट दमून गेलं, दुसरं ओवलं.
चारच्या सुमाराला मला फरक कळू लागला.
वारा तंगुसाला आडवा ढकलतो.
बोईट ओढतं, थांबतं, विचार करतं, परत ओढतं.
हसुराम एकसारखा,
लांबच्या घरात कोणीतरी शिवणयंत्र चालवतंय तसा.
त्या आवाजाची कानाला सवय होते
तशी डोळ्यांना झाली.

मग बोईट वेडं झालं.
तंगूस डावीकडे, उजवीकडे, आणि एकदम कुठेच नाही.
पाण्याने "गबक्" केलं,
कोणी विहिरीत कळशी उपडी टाकावी तसं.
काठी वाकली.

आणि हात थांबला.
मी बाजूलाच होतो, सांगतो ना, थांबला.
मनगट, बोटं, सगळं दगडासारखं.
ती उडाली तेव्हा कल्ले फाकलेले दिसले,
आतलं लाल, अंगाची चांदी,
मान झटकून पुन्हा खाली.
हसुराम सोडत होता, ओढत होता, सोडत होता,
तोंडाने काहीतरी पुटपुटत, शिवी किंवा लाड,
आणि हात त्याचाच होता, जुना.

ती उघाडीकडे वळली.
तिथल्या फळ्यांवर कालवं वाढलीत, ब्लेडसारखी.
आम्हा दोघांनाही माहीत होतं.
तिलाही.

"गेली," तो म्हणाला.

तंगूस हलकं होऊन परत आलं,
टोकाला कातरल्यासारखं.
त्याने काठी मांडीवर आडवी ठेवली.
थोड्या वेळाने ती मांडीवर वाजू लागली.

"किती येल?"
"काय किती वेळ?"
त्याने हात वर केला, दाखवला.

मी मोजलं नव्हतं. तीन मिनिटं असतील.
"पंधरा," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बघितलं,
मघाशी बगळ्याने बोईटाकडे बघितलं होतं तसं.
मग बादलीत वाकला.
"किती रायली?"
"चार."
"ओव."